ऐकणारा खांब

लालबागला आमच्या चाळीसमोरच्या मैदानात त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. स्मार्ट सिटीचा 'जनसंवाद खांब' बसला होता. हेरंब नावाचा सल्लागार माइकवर सांगत होता, "आता ऑफिसात खेटे घालू नका. खांबावरच्या पट्टीवर हात ठेवा, मनातलं बोला. शहर ऐकतंय."

"नळाला पाणी नाही," चंपा म्हणाली. थोड्याच वेळात नळ वाहू लागले. रामदासने रस्त्यावरच्या बंद दिव्याची तक्रार केली, तो भरदिवसा लागला. संध्याकाळपर्यंत खांबाला हार पडले, कोणीतरी नारळही फोडला. माणसांचं ऐकायला माणूस मिळेनासा झाला, की असे देव उभे राहतात.

सुंदराबाईही गेल्या. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्यांच्या नवऱ्याची, नानांची, छाती कायमची धरली होती. धाप लागली की गल्लीतल्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन मिळायचा. तो दवाखाना बंद करायचं घाटत होतं. सुंदराबाईंनी पट्टीवर हात ठेवला. "दवाखाना इथंच राहू दे रे बाबा."

खांबाच्या पडद्यावर उमटलं, 'आपलं मत नोंदवलं. धन्यवाद.'

महिन्याभरात दवाखान्याला कुलूप लागलं. वर बोर्ड आला, 'नागरिकांच्या प्रचंड पाठिंब्याने येथे स्मार्ट सिटी प्रदर्शन केंद्र.' त्याच आठवड्यात एका दुपारी नानांना धाप लागली. टॅक्सी परळच्या हॉस्पिटलकडे निघाली आणि ट्रॅफिकमध्ये अडकली. नाना सुंदराबाईंच्या मांडीवरच गेले.

"माझंच मागणं कमी पडलं," त्या भेटेल त्याला सांगायच्या. शेजारच्या संघमित्रा टीचर शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांना ते ऐकवेना.

हेरंब पुन्हा आला, तेव्हा टीचर बाजारातून थेट खांबापाशी गेल्या. पिशवीतला ओला दुधी काढून त्यांनी पट्टीवर टेकवला. तोंडातून अक्षर काढलं नाही.

'आपलं मत नोंदवलं. धन्यवाद.' खालचा पाठिंब्याचा आकडा एकाने वाढला.

"याचा माइक कुठाय?" टीचरनी विचारलं.

"मॅडम, ही एआय सिस्टिम आहे. तिला भावना कळतात."

"दुधीच्या?"

लोक हसले. सुंदराबाई हसल्या नाहीत.

चाळीतल्या वायरमन दौलतने खांबाचं झाकण उघडलं. आत स्पर्श ओळखणारी पट्टी आणि आकडा वाढवणारं यंत्र, बस. माइक नव्हताच. जो हात लागेल तो 'पाठिंबा'.

"पण पाणी आलं होतं ना?" चंपाने विचारलं.

"आपल्याकडे पाणी रोज किती वाजता येतं?" दौलत म्हणाला. " कार्यक्रमच त्या वेळेला ठेवला होता. दिव्याच्या पेटीपाशी यांचाच माणूस उभा होता."

सुंदराबाई पुढे आल्या. "म्हणजे माझा हात बंद करायच्या बाजूने मोजला?"

टीचरनी खोटा दिलासा दिला नाही. "हो, मावशी."

हेरंब 'तांत्रिक त्रुटी' असं काहीतरी पुटपुटत गाडीत बसला. पोरं खांब फोडायला निघाली. टीचरनी अडवलं.

"फोडून काय होणार? उद्या दुसरा बसवतील. तुमचं मत घेतलं म्हणणाऱ्याला विचारा, प्रश्न काय होता? 'नाही' कुठे म्हणायचं? मोजलं कोणी? आमच्यासमोर मोजाल का? जो उत्तर देत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्या हातात अंगारा असो, नाहीतर टॅब."

दवाखाना अजून बंद आहे. दर सोमवारी आम्ही वॉर्ड ऑफिसात जाऊन हेच प्रश्न विचारतो. सुंदराबाई सगळ्यांच्या पुढे असतात. तुम्हीही आपापल्या वॉर्डात जा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.