टॉर्बेनने उपसलेला खण

इम्केच्या टेबलाचा खण कुणीतरी उचकलाय, हे तिला सोमवारी सकाळी कळलं. चार वर्षांपूर्वीची, चहा सांडलेली वही गायब. जर्मनीतल्या कीलच्या खाडीत शेवाळाचे नमुने काढताना घालायचा तिचा फाटका गमबूटही गायब. आता फाटका बूट कोण कशाला नेईल? पण वही! तिच्या पहिल्यावहिल्या मोजमापांची वही होती ती.

गुरुवारी तिची पीएचडीची तोंडी परीक्षा. पुढे संस्थेत दोन वर्षांची एकच जागा निघालेली, आणि अर्ज दोघांचे: तिचा आणि शेजारच्या टेबलावरच्या टॉर्बेनचा. चार वर्षं एका किटलीतला चहा प्यायलेली माणसं ही. पण जागा एकच म्हटल्यावर इम्केच्या मनात पाल चुकचुकली.

त्यात ती चहाच्या खोलीत शिरली की सगळ्यांचं बोलणं थांबायचं.

"काय रे, माझ्याबद्दल चाललं होतं का?"

"तुझ्याबद्दल? तू कोण लागून गेलीस गं!" टॉर्बेनने दात काढले आणि फोन खिशात घातला.

मंगळवारी काचेच्या दारातून तिला दिसलंच. टॉर्बेन तिचा खण उपसून आणखी एका वहीच्या पानांचे फोटो काढत होता. झालं! सरळ आत जाऊन विचारायचं ना बाई? नाही. संशोधनातल्या चोऱ्यामाऱ्यांची तक्रार घेणारं कार्यालय असतं, तिथे तिने उभ्या उभ्या पत्र धाडलं. खाली लिहिलं, माझं नाव कळू देऊ नका.

गुरुवारची परीक्षा उत्तम झाली. दार उघडलं तर बाहेर सगळी प्रयोगशाळा वाइनचे पेले घेऊन उभी, आणि पुढे टॉर्बेन, हातात पुठ्ठ्याची काळी चौकोनी टोपी. नव्या डॉक्टरसाठी सोबत्यांनी चोरून टोपी बनवायची, ही तिथली रीतच. दोन वर्षांपूर्वी अशाच एका टोपीसाठी इम्केने टॉर्बेनबरोबर दुसऱ्याचं कपाट उपसलं होतं. तरी भीतीपोटी तिला ते आठवलंच नव्हतं.

टोपीवर फाटका बूट होता. चहाचे डाग पडलेली वही होती. कंटाळून पानांच्या कडेला काढलेले तिचे मासे मोठे करून चिकटवले होते. तिच्या आईकडून मागवलेला शाळेतला फोटोही होता.

इम्केच्या तोंडचं पाणी पळालं.

"हलू नकोस गं, गोंद ओला आहे," टोपी चढवत टॉर्बेन म्हणाला. मग हळूच, "ऐक, सकाळी मला पत्र आलंय. कुणीतरी मला तुझ्या खणाशी पाहिलं आणि तक्रार ठोकली. चौकशी संपेपर्यंत माझा अर्ज बाजूला ठेवलाय, आणि जागा तर सोमवारी भरतायत. तू सांगशील ना त्यांना, सगळं टोपीसाठी होतं म्हणून?"

"कुणी केली असेल तक्रार?" तिने कसंबसं विचारलं.

"असेल कुणीतरी. तुझ्या काळजीपोटीच केली असेल बिचाऱ्याने."

इम्केला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. तिने टोपी काढून दोन्ही हातांत धरली.

"सांगते, आत्ताच जाऊन सांगते," ती म्हणाली. "पण टॉर्बेन, ते पत्र मी लिहिलं."

टॉर्बेन बोटांना लागलेला गोंद खरवडत राहिला.

"अगं, टोपी घाल की! फोटो काढायचाय दोघांचा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तिचा एकटीचा काढा," टॉर्बेन म्हणाला आणि बाजूला झाला.