शिंपीणबाईंचा गतिरोधक

शिंपीणबाईंच्या तोंडी लागायची त्या रस्त्यावर कुणाची छाती नव्हती. भरधाव ट्रकनं त्यांच्या नवऱ्याचा पाय मोडला, तेव्हा त्यांनी नगरपालिकेच्या नाकी नऊ आणले आणि दुकानासमोर गतिरोधक बांधून घेतला. ठेकेदाराच्या उरावर बसून सिमेंट कालवून घेतलं. असं खणखणीत काम शहरात दुसरं नाही, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

आता शहराला शत्रूचा वेढा होता आणि विमानतळ बॉम्बनं उखडला होता. म्हणून दुपारी याच रस्त्यावर विमान उतरणार होतं. औषधं ठेवून, अत्यवस्थ रुग्ण घेऊन जाणार होतं. त्यांत बाईंची लेक होती. तिच्या पोटाचं ऑपरेशन इथं होण्यासारखं नव्हतं. दिव्याचे खांब निघाले, तारा उतरल्या. उरला गतिरोधक.

"बाईंना सांगायचं कुणी?" म्हणत लोक एकमेकांची तोंडं बघत होते, तोवर बाईच पहार घेऊन आल्या. "बघताय काय नुसते? फोडा!"

पण फुटेल तर शपथ! ठिणग्या उडाल्या, हाताला फोड आले, टवका निघेना. आपला हट्टच लेकीच्या मुळावर आला, म्हणत बाई मटकन खाली बसल्या.

तेवढ्यात नवरा लंगडत त्या ठेकेदाराला ओढून घेऊन आला. ठेकेदार बाईंपासून चार हात लांबच थांबला.

"वहिनी, शिव्या नंतर द्या. त्या दिवशी तुम्ही जेवायला घरात गेलात ना..."

"बरं, मग?"

"तेवढ्यात गटाराकडच्या टोकाला नुसती वाळू भरली आम्ही. वरून सिमेंटचा हात फिरवला. तिथून पहार घाला, बाकीचं उचकटेल."

खरंच उचकटलं. लोकांनी मोठाले तुकडे ओढून बाजूला टाकले, खड्डा भरून ठोकून सपाट केला. विमान उतरलं, लेकीला घेऊन घरांवरून सुखरूप निघून गेलं.

संध्याकाळी लष्कराच्या वायरलेसवर निरोप आला: ऑपरेशन पार पडलं, पोरगी शुद्धीवर आहे.

बाई तडक ठेकेदाराच्या दारात गेल्या. त्यांना पाहून तो दोन पावलं मागे सरला. बाईंनी त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मेल्या, चोरा," त्या हुंदके देत म्हणाल्या, "देव तुझं भलं करो!"