इरम्माची धुरी

नळदुर्गाच्या पेठेत गुंडप्पा मिरचीवाल्याचं घर विचारत बसावं लागत नसे. सरळ चालत जा, शिंक आली की थांबा, असं गाडीवान सांगत. सोप्यात माळवदाला टेकतील अशी मिरचीची पोती, ओसरीवर देठ खुडायला बसलेल्या बाया आणि आत माजघरात इरम्माची धुरी.

इरम्मा गुंडप्पाची बायको. ढेकूण-डास, रोगराई, बाहेरची बाधा, शेजारणीची नजर, या सगळ्यांवर तिच्याकडं एकच इलाज होता, तो म्हणजे धूर. दिवेलागणीला घमेल्यात निखारे घ्यायचे, त्यावर कडुलिंबाचा पाला, ऊद आणि चिमूटभर गंधक टाकायचा आणि घरभर फिरायचं. डोळ्यांतून पाणी आलं की तिला घर स्वच्छ झाल्यासारखं वाटे. घरातल्या कुणी कधी तक्रार केली नव्हती. तक्रारीसाठी तोंड उघडावं लागलं असतं, आणि तेवढ्यात धूर आत गेला असता.

या घरात महादेवी सून म्हणून आली. अक्कलकोटकडच्या खेड्यातली, रानातल्या वस्तीवर वाढलेली, अंगानं दणकट. इरम्मानं ते पाहूनच तिला पसंत केलं होतं. पण लग्नाला वर्ष व्हायच्या आत पोरीला धाप लागायला लागली. आधी नुसत्या शिंका, मग खोकला, मग छातीत शीळ वाजल्यासारखा आवाज. देठ खुडायला बसली की अर्ध्यातून उठायची. संध्याकाळी तर भिंतीला धरून उभी राहायची. तिचा नवरा विरुपाक्ष दवाखान्यातून औषधाची बाटली घेऊन आला. बाटली संपली, धाप संपली नाही.

इरम्मानं मग आपला इलाज वाढवला. एका धुरीच्या दोन केल्या. दुसरी सुनेच्या अंथरुणापाशीच. अमावस्येला मीठ-मोहऱ्या आणि मूठभर लाल मिरच्या उतरून निखाऱ्यावर टाकायची. महादेवीला त्या दिवशी फार व्हायचं, म्हणजे नजर किती कडक होती ते दिसायचंच.

नागपंचमीला महादेवी माहेरी गेली. तिथून निरोप आला की पोर ठणठणीत आहे, मोटेवरसुद्धा काम करती. परत नळदुर्गात आली आणि तिसऱ्या दिवशी भिंत धरली. असं दोनदा झालं आणि इरम्माला सगळं कळलं. माहेरी बरी, सासरी आजारी, या दुखण्याला काय म्हणतात हे कुठल्याही सासूला सांगायला नको. विहिरीवर तिनं बायांना सांगितलं की आमची सून नाटकी हाय. बायांना ऐकून बरं वाटलं. महादेवीच्या कानावर हे गेलं. तेव्हापासून ती खोकला पदरात दाबून कामं करायला लागली, आणि इरम्मानं त्याचा अर्थ असा घेतला की बोलल्याचा उपयोग झाला.

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांची धास्ती फार वाढली. पेठेतली बरीच घरं कुलपं लावून निजामाच्या सरहद्दीपलीकडं सोलापूरला गेली. गुंडप्पानंही गाडी जुंपली. मिरची मागं सोडताना त्याचे डोळे भरून आले. पहिल्यांदाच ते मिरचीच्या ठसक्यानं भरले नव्हते.

सोलापूरच्या बाहेर त्यांचे भाऊबंद शिवलिंगप्पा यांची पेरूची बाग होती. बागेतल्या राखणीच्या झोपडीत चौघांनी संसार मांडला. झोपडीला दोन बाजूंना कूड होता, उरलेल्या दोन बाजू मोकळ्याच. चूल बाहेर, झोपायचं बाहेर. घाईत घमेलं घरीच राहिलं होतं आणि गंधकही. इरम्माला धुरीवाचून चुकल्यासारखं होई. पण परक्याची बाग, धुरानं पेरूच्या फुलाला काही झालं तर कोण बोलणं ऐकणार, म्हणून ती गप्प राहिली.

आणि महादेवी बरी झाली. आठवड्याभरात शीळ गेली, पंधरवड्यात रंग परतला. लांबच्या हौदावरून दोन-दोन घागरी आणायची, भाकऱ्या थापायची, वर कानडीत काहीतरी गुणगुणायची. इरम्मा बाजेवर बसून हे पाहत होती. तिचा हिशेब जुळेना. हे माहेर नव्हतं. सासू इथंच होती, सासरा इथंच, नवरा इथंच. कामं तर नळदुर्गापेक्षा जास्त. नाटक करायला एवढी चांगली जागा मिळूनही पोर नाटक का करत नाही, हे तिला कळेना.

मग तिच्या मनात दुसरीच भीती शिरली. बागेत आणखी निर्वासित बिऱ्हाडं होती, त्यातल्या दोन बाया महादेवीच्या तब्येतीचं कौतुक करून गेल्या. इरम्मानं अमावस्येची वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी शेजारच्या बिऱ्हाडातून मिरच्या मागून आणल्या, चुलीतले निखारे तव्यावर काढले, सुनेला कुडाच्या कोपऱ्यात बसवलं, तिच्यावरून मिरच्या उतरल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या.

महादेवीनं पदर तोंडावर घेतला, पण ती उठली नाही. थोड्या वेळानं ती पुढं वाकली. मग छातीतली ती शीळ आली. ओठ निळसर झाले. विरुपाक्ष पळत आला, तिला उचलून मोकळ्यावर नेऊन बसवलं आणि पाठ चोळत राहिला.

इरम्मा तवा हातात धरून कुडापाशीच उभी होती. तव्यावरच्या मिरच्या अजून धुमसत होत्या. तिला नळदुर्गातल्या संध्याकाळी आठवल्या. एक धुरी, मग दोन धुऱ्या. अंथरुणापाशी ठेवलेलं घमेलं. ओसरीवरून उठणारी सून, आणि तिला परत बसवणारी आपण. तिनं तवा मातीत पालथा घातला, वर पाण्याची घागर ओतली आणि सुनेजवळ जाऊन बसली.

"मिरचीचं व्हय?" तिनं विचारलं.

महादेवीला बोलायला दम नव्हता. तिनं होय म्हणून मान हलवली.

"आन् गंधकाचं?"

पुन्हा मान हलली.

"मग बोलली का न्हाईस कधी?"

महादेवी श्वास जुळवत राहिली. मग म्हणाली, "अव्वा, नाटकी म्हणला असता."

म्हटलं असतं, हे इरम्मालाही ठाऊक होतं.

पावसाळ्याच्या अखेरीस निजामाचं राज्य गेलं आणि बिऱ्हाडं परत निघाली. घरी कुलूप काढलं तेव्हा सोप्यातल्या पोत्यांना बुरशी धरली होती. गुंडप्पा एकेक पोतं उघडून पाहत हळहळला आणि नवा माल कधी भरायचा ते बोलायला लागला.

"माल घरात यायचा न्हाय," इरम्मा म्हणाली.

गुंडप्पाला वाटलं, बायको प्रवासानं दमली आहे. त्यानं समजुतीनं सांगितलं की आज्यापासून मिरची याच सोप्यात आहे, शिंकांशिवाय या घराची ओळख राहायची नाही. इरम्मानं ऐकून घेतलं आणि त्याचं अंथरूण सोप्यात, बुरशीच्या पोत्यांमध्ये नेऊन टाकलं. माल घरात राहणार असेल तर मालकानंही मालापाशी राहावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. गुंडप्पा हट्टानं तिथं निजला. चौथ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी तो नाक्यावर गेला आणि हैदराबादच्या सडकेला लागून एक रिकामी पडवी ठरवून आला. धंदा तिथं होता तसाच चालला, ना वाढला ना घटला.

इरम्मानं धुरी जेवढ्या निष्ठेनं केली होती, तेवढ्याच निष्ठेनं ती आता धूर घालवायच्या मागं लागली. सारी घोंगडी, गोधड्या उन्हात टाकून काठीनं झोडपल्या, आणि झोडपताना सुनेला शेजारी पाठवून दिलं. घमेलं शेणकुटं भरायला लावलं. गंधक नदीत. चुलीवर धुराडं बसवून घेतलं. जंगमस्वामी पूजेला घरी आले तेव्हा त्यांना पाया पडून सांगितलं की ऊद अंगणात लावू, शिवाला वास पोचतो. स्वामींनी जरा विचार करून ते मान्य केलं. गुंडप्पा संध्याकाळी घरी आला की विहिरीपाशी हातपाय धुऊन, कुडतं बदलल्याशिवाय इरम्मा त्याला उंबरा ओलांडू देईना. तीन पिढ्यांचा मिरचीवाला स्वतःच्या दारात उघडा उभा राहू लागला.

विहिरीवरही ती गेली. नाटकी म्हणून जिथं सांगितलं होतं तिथंच सांगितलं, "सून खरी होती. धूर माझा होता." एकेका बाईला गाठून सांगितलं. बायांना हे तितकं आवडलं नाही. सोलापूरकडं कुणीतरी म्हातारीवर काहीतरी केलं, असं त्यांनी आपापसात ठरवलं. त्यातल्या बानूबाईनं तर नजर उतरून घ्यायचा सल्ला दिला. इरम्मानं तिची घागर भरून दिली आणि तशीच घरी आली.

महादेवीचं दुखणं समूळ गेलं असं नाही. थंडीत, खळी सुरू होऊन भुसा उडायला लागला की छाती जड व्हायची. म्हणून इरम्मानं माजघराच्या भिंतीला खिडकी पाडून घेतली. चोर येतील, असं गुंडप्पा म्हणाला. आता चोरायला घरात मिरची कुठाय, असं तिनं विचारलं आणि गवंड्याला काम पुढं चालू ठेवायला सांगितलं.

पौषात वारं सुटलं. खिडकीखाली इरम्मा घोंगडं पांघरून, कानाला फडकं बांधून ज्वारी निवडत बसली होती. महादेवी समोर येऊन बसली.

"अव्वा, लई गार हाय. खिडकी लावू का?"

"तुला धाप हाय का?"

"न्हाय."

"मग राहू दे," इरम्मा म्हणाली, आणि सुपातली ज्वारी तिच्यापुढं सरकवली.