तुलनेचा नमुना

आमच्या विद्यापीठात इतिहासाच्या आणि वैद्यकाच्या प्राध्यापकांनी मिळून कल्हईवाल्यांचा अभ्यास हाती घेतला होता. एकीकडे त्यांचा जुना धंदा, दुसरीकडे त्यांच्या रक्तातलं शिसं. तुलनेसाठी शिशाशी संबंध नसलेली माणसं हवी होती, म्हणून मीही रक्त दिलं.

निकालात सगळ्यांत मोठा आकडा माझाच होता.

"मशीन चुकलं असेल, सर," मी वैद्यकाच्या प्राध्यापकांना म्हणाले.

"तीनदा तपासलं, ज्ञानदाजी. घरात पितळेची भांडी आहेत?"

"एकच पातेलं. आईनं दिवाळीत कल्हई करून घेतलंय."

"स्वस्त कल्हईत कधीकधी शिसं मिसळतात. त्यात आंबट शिजवता का?"

चिंचगुळाची आमटी. रोज. सातव्या महिन्यात माहेरी आलेल्या कस्तुरीताईला महिनाभर तीच आमटी मिळत होती. मी लगेच घरी फोन लावला.

"आई, त्या पातेल्यातली आमटी ताईला वाढू नकोस!"

"अगं, केव्हाच वाढली," आई हसत म्हणाली. "तिसरी वाटी चाललीय. म्हणते, बाळालाच हवीय."