सत्ययुगातली खार

पंच्याहत्तर सालच्या श्रावणात, पहिल्या सोमवारी, मंद्रूपचं निम्मं गाव महादेवाकडे पाठ करून उभं होतं. देव गाभाऱ्यात होता आणि सगळ्यांची तोंडं बाहेर लिंबाखाली ठोकलेल्या कापडी मंडपाकडे होती. मंडपात भस्मेश्वर महाराज नावाचा एक गुबगुबीत गृहस्थ बसला होता आणि त्याच्या शेजारी लाकडी पिंजऱ्यात एक जनावर होतं.

मांजराएवढं अंग, पाठ गर्द तांबडी, पोट मळकट पांढरं, झुपकेदार शेपूट अंगाहून लांब. कपाळावर तीन आडव्या पांढऱ्या रेषा. आमच्या भागात असलं काही कोणी पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे बाभळी आणि लिंब, आणि त्यांवर पळणारी पाठीवर पट्टे असलेली वीतभर खार. त्यापलीकडे झाडावरच्या जनावरांशी आमची ओळख नाही.

"भक्तहो, ही सत्ययुगातली खार," महाराज सांगत होता. "त्या युगात सगळ्याच खारी एवढ्या असत. पुढं माणसाचं पुण्य आटत गेलं, तशी खार आटत गेली. ही एक तेवढी कैलासावर राहिली. तिथल्या थंडीत पुण्य आटत नाही. कपाळ बघा. आईच्या पोटातून भस्म लावून आलेला हा शिवदूत आहे."

थंडीत पुण्य टिकतं हे मला नवीन होतं. गर्दीला नव्हतं, तिनं माना डोलावल्या. आमच्या लिंगायतांच्या घरी अंघोळ झाली की कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढतात. मी सोमलिंग मास्तर, इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, आणि माझ्याही कपाळावर त्या दिवशी ते होते, कारण आईशी वाद घालायला सकाळी वेळ नसतो. जनावराच्या कपाळावर तेच पट्टे पाहून म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शिवदूत कौल देत असे. महाराजाच्या कानात प्रश्न सांगायचा. तो दोन करवंट्यांत शेंगदाणे घालून आणायचा, एक उजवीकडे ठेवायचा आणि एक डावीकडे. जनावराला साखळीवर बाहेर सोडलं की ते दोन्ही हुंगायचं आणि एकीतलं खायचं. उजवीकडचं खाल्लं तर होय, डावीकडचं खाल्लं तर नाही. मग सात सोमवार येऊन नारळ आणि शिधा वाहायचा, म्हणजे कौल पक्का होतो.

त्या दिवशी रांगेत ईरप्पा होता. ईरप्पा आमच्या शाळेचा शिपाई. अकरा वर्षं शाळेची घंटा त्यानं एकदाही उशिरा दिली नव्हती. आदल्या दिवशी रविवारी बाजारात एक लाळ गळणारं कुत्रं त्याच्या उजव्या मनगटाला कडकडून चावलं होतं. मी त्याला सोलापूरच्या दवाखान्यात जायला सांगितलं होतं. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. त्याची बायको सावित्रम्मा चौदा सुया ऐकूनच रडायला लागली आणि त्याला इथं घेऊन आली.

"सोलापूरला जाऊन सुया घ्याव्या का?" असा त्यांचा प्रश्न होता. जनावरानं डावीकडचं खाल्लं.

मी मंडपाबाहेरच ईरप्पाला गाठलं. "अरे, तो उंदराच्या कुळातला प्राणी आहे. त्याला काय कळतंय?"

"कुठला पिराणी, मास्तर?"

मला ठाऊक नव्हतं. आमच्या पुस्तकात फक्त पट्टेवाली खार होती.

ईरप्पा शांतपणे म्हणाला, "तुमी शिकलेले हाव. तुमाला बी ठावं न्हाई म्हंजे देवाचंच असंल की. तुमी त्येचं नाव सांगा. साधं जनावर हाय म्हणून दाखवा, तसाच उठून सोलापूरला जातो. माझा शब्द हाय."

"आठ दिवसांत सांगतो," मी म्हणालो.

माणसाला कुत्रं चावलेलं असताना मी त्याच्याशी पैज लावून आलो. मला वाटलं, विज्ञानाची केवढी मोठी संधी आहे ही.

मंगळवारी मी पुण्याला पत्र टाकलं. तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक होते, मला त्यांनी शिकवलं होतं. पिंजऱ्यापाशी तासभर उभं राहून मी टिपणं काढली होती: रंग, कान, नखं, शेपटीचा झुपका. आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, कपाळावर तीन आडव्या पांढऱ्या रेषा, ठळक आणि सारख्या अंतराच्या.

चार दिवसांनी ते कुत्रं उसाच्या बांधावर मरून पडलेलं सापडलं. मी ईरप्पाला सांगितलं, "कुत्रं मेलं. म्हणजे ते पिसाळलेलंच होतं. आता तरी चल."

"नाव कळलं का?" त्यानं विचारलं.

"येईल पत्र."

"मग येऊ द्या की," म्हणून तो घंटा द्यायला गेला. जखम वरून भरत आली होती. त्याला ती शिवदूताची कृपा वाटत होती.

नवव्या दिवशी पुण्याहून कार्ड आलं. प्राध्यापकांनी लिहिलं होतं, कपाळावर तीन आडव्या पांढऱ्या रेषा असलेली खारीची कोणतीही जात मला माहीत नाही. आपली काही चूक होत नाही ना? पुन्हा पाहून कळवा. शेपटीची लांबीही मोजा.

मी चिडलो. उलट टपाली लिहिलं की रेषा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत, चूक संभवत नाही, आणि कदाचित ही नवीन जात असेल. खरं सांगायचं तर त्या रात्री मी नव्या जातीला आपलं नाव मिळालं तर कसं दिसेल याचाही विचार केला. जन्मापासून घरातल्या प्रत्येक कपाळावर ते पट्टे मी पाहत आलो होतो. खारीच्या कपाळावर ते दिसले तेव्हा मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. महाराजानं गावाला फसवलं म्हणून मी हसत होतो, आणि त्यानं माझ्यासाठी काही वेगळी तयारी केलीच नव्हती. सगळ्यांसाठी होती तीच मला पुरली.

चौथ्या सोमवारी सकाळी दुसरं कार्ड हातात पडलं, तेव्हा शाळेची घंटा वाजलेली नव्हती. एका मुलीनं सांगितलं की ईरप्पाला ताप आहे आणि हाताला मुंग्या येतात. मी ऐकलं आणि कार्ड वाचायला लागलो.

"रेषा सोडून द्या," प्राध्यापकांनी लिहिलं होतं. "बाकीचं वर्णन सरळ शेकरूचं आहे. ही मोठी खार भीमाशंकरच्या दाट जंगलात झाडांवर राहते, सहसा जमिनीवर उतरत नाही. फळं आणि बिया खाते. रेषा कोणीतरी ओढल्या असाव्यात. ओलं फडकं लावून पाहा."

मी कार्ड घेऊन थेट मंडपात गेलो. ईरप्पाच्या घरी जायला हवं होतं. पण मंडपात गर्दी होती, आणि मला गर्दी हवी होती.

मी मोठ्यानं वाचलं. शेकरू, झाडावरची खार, भीमाशंकरचं जंगल. एवढं झालं आणि मडिवाळप्पा नावाचे एक म्हातारे हात जोडून उठले.

"भीमाशंकर म्हंजे जोतिर्लिंग की," ते म्हणाले. "मास्तरांनी सोताच्या तोंडानं सांगितलं. महादेवाच्या रानातलं हाय त्ये."

"शेकरू महाराज की जय," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी साथ दिली. तीन आठवडे घासून मी देवाला एक नाव मिळवून दिलं होतं.

महाराज खूश होऊन म्हणाला, "शंका असेल तर मास्तर, शिवदूतालाच विचारू. हा देवाचा आहे का?" तो आडोशाला जाऊन दोन करवंट्या घेऊन आला. जनावरानं उजवीकडची हुंगली. डावीकडची हुंगली, मान झटकली, पुढच्या दोन्ही पायांनी नाक चोळलं आणि उजवीकडचे शेंगदाणे खाल्ले. जयजयकार झाला.

रांगेत गोजरबाई उभी होती. तीस वर्षं ती शेंगांची चटणी कुटून बाजारात विकत होती. तिला सुनेबद्दल काहीतरी विचारायचं होतं. ती पुढे आली आणि डावीकडच्या करवंटीतला एक दाणा उचलून तिनं तोंडात टाकला.

"बाई, तो प्रसाद नाही," महाराज घाईनं म्हणाला.

गोजरबाईनं सावकाश चावला. "ह्येला तिखट लावलंय," ती म्हणाली. "ब्याडगी न्हवं. लवंगी मिरची हाय. पाण्यात भिजवून लावलीय आन् वाळवलीय. माझ्या उखळापाशी मांजर आलं की असंच नाक चोळतंय."

मला जनावर ओळखायला तीन आठवडे लागले. तिनं मिरची एका दाण्यात ओळखली.

तिनं दोन्ही करवंट्या रिकाम्या करून पदरानं पुसल्या आणि आपल्या ओटीतले कोरे दाणे त्यांत टाकले. जनावरानं आधी डावीकडचे खाल्ले, मग उजवीकडचे खाल्ले, आणि आणखी आहेत का म्हणून तिच्या हाताकडे पाहिलं. तेवढ्यात मी पाण्याच्या घागरीत उपरणं बुडवून जनावराच्या कपाळावरून फिरवलं. फडक्यावर चुना उतरला. खाली साधं तांबूस कपाळ होतं.

इतकंच होतं सगळं. महाराजाला हवा तो कौल यावा म्हणून नको त्या बाजूला मिरची. भुकेलं जनावर दोन-चार वेळा पोळलं की पुढे वासावरूनच बाजूला होतं. सोलापूरला जाऊ नको हा कौल ईरप्पाला का दिला, तेही सरळ होतं. चौदा दिवस सोलापूरला जाणारा माणूस सात सोमवारचा नारळ कधी वाहणार?

महाराज कनातीमागून पळाला आणि विजापूरच्या गाडीत बसला. गर्दीच्या हाती जनावर उरलं. साखळी सुटली तसं ते लिंबावर चढलं. कित्येक महिन्यांनी त्याला झाड मिळालं असावं. ते शेंड्यापर्यंत गेलं, आणि ज्यांनी चार सोमवार त्याच्या पाया पडून घेतलं होतं त्यांनी त्याला दगड मारून खाली पाडलं. सगळ्यांत मोठा दगड मडिवाळप्पांचा होता.

मला राग आला म्हणावं, तर मी खिशातली फूटपट्टी काढून मेलेल्या जनावराची शेपूट मोजत होतो. दोन फूट भरली. मग मला ईरप्पा आठवला.

तो अंथरुणावर उठून बसला होता. डोळे लाल, उजवा हात मांडीवर ठेवलेला. सावित्रम्मा कोपऱ्यात उभी होती.

"मास्तर, नाव कळलं का?"

"कळलं. शेकरू. साधी खार आहे, मोठी. कौल सगळा मिरचीचा होता."

त्यानं मान हलवली. "मग निघू या की सोलापूरला. शब्द दिलाय." आणि तो खरंच उठला. धोतर नीट केलं, टोपी घातली. निघताना सावित्रम्मानं तांब्या पुढे केला, "घोटभर पाणी प्या."

तांब्या ओठांपाशी गेला आणि ईरप्पाचा गळा आतून आवळला. पाणी अंगावर सांडलं. त्यानं पुन्हा तांब्याकडे पाहिलं आणि त्याचं सगळं अंग थरथरलं. "लई तहान लागलीय वो मास्तर," तो म्हणाला. "पर त्यो तांब्या आधी लांब न्या."

सोलापूरच्या डॉक्टरनं चावल्याची तारीख विचारली. मी सांगितली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सावित्रम्माकडे पाहिलं, आणि इंजेक्शनाची पेटी उघडली नाही. बुधवारी ईरप्पा गेला. शेवटपर्यंत तो पाणी मागत होता आणि पाणी दिसलं की ओरडत होता.

गावाला त्यानंतर शहाणपण आलं असं मी लिहिणार नाही. पुढच्या श्रावणात दुसरा एक बाबा आला, त्याच्याकडे पोपट होता. पण गोजरबाई आता प्रत्येक बाबाचा प्रसाद आधी स्वतः चाखते, आणि माझं सांगणं मी वर्गात दर वर्षी पहिल्या दिवशी सांगतो. ते इथंही सांगतो.

कुत्रं चावलं तर जखम साबणानं आणि भरपूर पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाबा खरा की खोटा, जनावर कोणतं, रेषा कशाच्या, हे सगळं जरूर शोधा. शोधायलाच हवं, आणि आपल्या घरातल्या सवयीची गोष्ट दिसली तर दुप्पट शोधायला हवं. पण ते सुई टोचून घेतल्यावर. ईरप्पा अडाणी होता म्हणून मेला असं गाव म्हणतं. त्यानं एका शिकलेल्या माणसावर विश्वास ठेवून वाट पाहिली होती. तो शिकलेला माणूस सोलापूरची गाडी सोडून पुण्याच्या टपालाची वाट बघत बसला होता.