मोजणाऱ्यासाठी एक चिठ्ठी

पाळकांना यातून काय मिळणार होतं, ते घड्याळजींनी बोटांवर मोजून ठेवलं होतं. पहिलं बोट म्हणजे चर्चमागच्या दोन खोल्या, जिथे पाळक, त्यांची बायको आणि मुलगी राहत. दुसरं, बायकोची दवाखान्यातली नोकरी, घरापासून चालत सात मिनिटं. तिसरं, मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष. चौथं बोट घड्याळजी जरा वेळ हवेतच धरत आणि मग म्हणत, "आणि नाव! आपल्या कारकिर्दीत चर्चला कुलूप लागलं, असं कुठल्या पाळकाला म्हणवून घ्यायचंय?"

अंगठा मात्र रिकामाच राहायचा.

हे सगळं वरिष्ठ मंडळाच्या एका पत्रावर टांगलेलं होतं. तीन महिन्यांत रविवारच्या उपासनेची हजेरी सरासरी पन्नासवर गेली तर ठीक, नाहीतर आमची मंडळी नदीपलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये मिसळायची आणि पाळकांनी दुसऱ्या गावी जायचं. पत्र आलं त्या रविवारी आम्ही सव्वीस होतो. त्यातले चार झोपले होते.

घड्याळजी आमचे चिटणीस. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि चर्चमध्ये त्यांची जागा शेवटच्या खांबापाशी. दुसरं गीत सुरू झालं की ते उभे राहायचे आणि डोकी मोजायचे, आधी डावीकडून, मग उजवीकडून. दोन्ही आकडे जुळले की रजिस्टरात लिहायचे. मोजताना गायलं तर मोजणी चुकते, म्हणून चिटणीस झाल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, ते गायले नव्हते. त्याआधी त्यांचा आवाज बरा होता म्हणतात. ही माहिती त्यांच्या बायकोची. ती संडे स्कूलच्या मुलांना शिकवायची, म्हणून सगळे तिला बाईच म्हणत.

खरं सांगायचं तर आमचं एकमेकांवरचं प्रेम कधी आटलं ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. भांडण झालं असतं तर तारीख तरी सांगता आली असती. आम्ही वेळेवर यायचो, वेळेवर उठायचो आणि घरी जाऊन जेवायचो. देवाशीही साधारण तसंच.

दाराशी एक लाकडी पेटी होती. ज्याला प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी लिहून टाकायची, पाळकांनी ती वेदीपाशी उघडून मोठ्याने वाचायची आणि सगळ्यांनी डोळे मिटायचे. चिठ्ठीवर नाव नसायचं. कुणाची आहे हे विचारायचं नाही, ही आमची फार जुनी रीत. त्या काळात पेटीत तीन चिठ्ठ्या निघत. एक गुडघ्यांसाठी, एक परीक्षेसाठी, आणि एक पुन्हा गुडघ्यांसाठी.

पत्रानंतरच्या दुसऱ्या रविवारी चौथी निघाली. पाळकांनी ती उघडली, मनात वाचली, आणि मग मोठ्याने वाचली. "दोन भावांसाठी. एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात. मधे सात माणसांची जागा आहे. त्यांची आई असती तर त्या जागेत बसली असती."

सुतारकाम करणाऱ्या दोघा भावांनी डोळे मिटायचं सोडून एकमेकांकडे पाहिलं. बाकीच्यांनी एका डोळ्याने त्यांच्याकडे.

उपासना सुटल्यावर अंगणात थोरला सुतार लालबुंद.

"कोणाला एवढ्या चौकशा? आमचा बाक, आम्ही कुठेही बसू!"

"मी तर बोललोच नाही कुणाशी," धाकटा म्हणाला.

"तू बोलतोस कुठे! तुला बोलून किती वर्षं झाली!"

"मग आता हे काय चाललंय?" पोस्टातल्या बाईंनी विचारलं. चार वर्षांत दोघा भावांचं एवढं लांब संभाषण झालं नव्हतं.

पुढच्या रविवारी चिठ्ठी निघाली ती पोस्टातल्या बाईंसाठी. "त्यांचा आवाज फार मोठा आहे असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि तेव्हापासून त्या नुसते ओठ हलवतात. ते म्हणणारे आम्हीच होतो. त्यांच्यावाचून गाणं लंगडतं." त्यानंतरची होती, शेवटचं गीत सुरू होण्याआधीच पायाने छत्री चाचपणाऱ्या माणसासाठी. त्या दिवशी एकदम सात जणांनी छत्र्या सोडल्या.

आता मंडळीत कुठेतरी पाणी मुरतंय, याची सगळ्यांनाच खात्री झाली. जो तो शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहायचा. कुणी कागद काढला की गप्पा थांबायच्या. आणि गंमत अशी की कुणी घरी राहीना. आपण नसताना आपल्याबद्दल काय वाचलं जाईल याचा काय भरवसा? वर्षभर न आलेले आले. आले ते आपापल्या बहिणींना, मेव्हण्यांना घेऊन आले, साक्षीदार म्हणून. सव्विसाचे एकतीस झाले, एकतिसाचे चव्वेचाळीस. नवव्या रविवारी घड्याळजींनी तीनदा मोजलं. त्रेसष्ट.

आलेली माणसं मात्र संशय धरून बसता बसता हळूहळू विसरायला लागली. सुतारांच्या मधली जागा सातावरून तीनवर आली, कारण गर्दीच तेवढी. मग तीही गेली. पोस्टातल्या बाईंनी एकदा तोंड उघडलं आणि खिडकीची काच थरथरली. कुणी काही म्हटलं नाही. दोन बाकांमागची म्हातारी रडली, पण ती लग्नातही रडते.

घड्याळजींच्या मनात मात्र पाल चुकचुकत राहिली. हजेरी वाढावी म्हणून जीव कुणाचा टांगलाय? चार बोटं होतीच. एका रविवारी चिठ्ठ्या रद्दीत जाण्याआधी त्यांनी भावांची, आवाजाची आणि छत्रीची अशा तिन्ही उचलल्या आणि दुकानात नेऊन डोळ्याला भिंग लावलं. कागद निळसर रेघांचा. असल्या दोन वह्या दरवर्षी वरिष्ठ मंडळाकडून येत, आणि पाळक प्रवचनाची टिपणं त्यातच काढत. अक्षर मोठं, सुटं, सरळ, मुद्दाम बदलल्यासारखं. घड्याळजींनी भिंग खाली ठेवलं आणि सुटकेचा श्वास सोडला. हिशेब जुळला होता.

ते पाळकांकडे गेले. पाळक खिडकीला तेल घालत होते.

"साहेब, एकच विचारतो. चिठ्ठ्या तुम्ही लिहिता का?"

"कुणी लिहिली ते विचारायचं नाही, घड्याळजी. तुम्हाला रीत माहीत आहे."

"नाही म्हणा, मी जातो."

"आज मी नाही म्हटलं, की उद्या तुम्ही सुताराला विचाराल. परवा पोस्टातल्या बाईंना. नाही म्हणणारे सगळे संपले, की उरेल तो सापडेल." पाळकांनी फडक्याला हात पुसले. "मग पेटीत पुन्हा गुडघेच निघतील."

"म्हणजे तुम्ही हो म्हणताय?"

"मी काहीच म्हणत नाहीये."

घड्याळजींना एवढं पुरलं. दुकानात बसून त्यांनी वरिष्ठ मंडळाला पत्र लिहिलं. पाळक खोट्या चिठ्ठ्यांनी गर्दी जमवत असल्याचा दाट संशय आहे, नमुने सोबत जोडले आहेत. घरी काही बोलले नाहीत. घरी ते तसेही जेवणाची वेळ सोडून दुसरं फारसं बोलत नसत. बाई ताट वाढायची, ते घड्याळाकडे पाहायचे.

तीन महिने भरले तेव्हा सरासरी एक्कावन्न निघाली. मंडळाचं उत्तर आलं, आणि ते वाचून दाखवण्याचं काम चिटणीसांचं. घड्याळजी खांबापासून पुढे आले. हजेरी खरी आहे, सबब चर्च चालू राहील. मात्र पाळकांनी चौकशीत उत्तर द्यायला नकार दिला, संशय फिटला नाही, सबब त्यांची बदली; महिनाअखेर त्यांनी खोल्या रिकाम्या कराव्यात.

पाळकांची बायको पहिल्या बाकावर होती. तिने फक्त मुलीचा हात धरला. संडे स्कूलच्या मुलांमध्ये बसलेली बाई उभी राहिली, काही बोलायला तोंड उघडलं, आणि पाळकांनी तिच्याकडे पाहून अगदी किंचित मान हलवली. ती खाली बसली.

पण ऐकणाऱ्यांतली ती नव्हे. पुढच्या रविवारी पाळकांनी पेटी उघडली, एक चिठ्ठी मनात वाचली आणि घडी घालून खिशात टाकायला निघाले.

"वाचा, साहेब," मागून बाईंचा आवाज आला. "पेटीतली आहे. वाचायची रीत आहे."

पाळकांनी वाचली. "मोजणाऱ्यासाठी. तो सगळ्यांना मोजतो, स्वतःला सोडून. नऊ वर्षं आपण दर रविवारी एकाने कमी भरतोय. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी त्याच्या डब्यात चिठ्ठ्या ठेवायचे. त्या त्याने दुकानात स्प्रिंगांच्या डबीत जपून ठेवल्यात. त्याने त्या एकदा भिंगाखाली धराव्यात."

त्या दिवशी डोकी मोजली गेली नाहीत. घड्याळजी तडक दुकानात गेले. डबी गंजली होती, उघडायला पेचकस लागला. आत एकोणीस चिठ्ठ्या, 'आज भाजी खारट झालीय, माझ्याकडे बघून खा' असल्या. अक्षर मोठं, सुटं, सरळ. मुलांना गिरवायला घालायचं असतं तसं. आणि निळसर रेघांची दुसरी वही दरवर्षी कुणाकडे जायची ते आता आठवलं. संडे स्कूलला. साठ्याच्या पुस्तकात तशी नोंद होती, खाली त्यांचीच सही.

दारात बाई उभी होती.

"अगं, मला सांगायचं तरी!"

"तुम्ही विचारलंत कधी? मंडळीतल्या सगळ्यांना विचारायची तयारी होती तुमची. माझा नंबर लागलाच नाही."

"चर्च वाचवायला लिहिल्यास?"

"चर्च वाचलं तो वरचा फायदा. माणसं नुसती येऊन बसतात, ते बघवेना. तुमच्यासाठीची सगळ्यात आधी लिहिली होती. टाकायचा धीर झाला नाही, म्हणून बाकीच्यांवर हात बसवत होते."

घड्याळजींनी भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचं वळं उमटलं होतं.

त्याच दिवशी दोघांनी मंडळाला पत्र लिहिलं, दोघांच्या सह्यांचं. उत्तर लगेच आलं. प्रांजळपणाबद्दल आभार, परंतु नवे पाळक नेमले गेले आहेत, ते सामानासह निघालेही आहेत. घड्याळजी पत्र घेऊन पाळकांकडे गेले. खोलीत खोकी बांधून ठेवलेली होती.

"साहेब, एक 'नाही' म्हटलं असतंत तर..."

"तर तुम्ही तिला पकडलं असतंत," पाळक म्हणाले. "तिने तुम्हाला पकडलं, ते बरं झालं. त्या टोकाला धरा जरा, खोकं जड आहे."

पाळकांच्या शेवटच्या रविवारी घड्याळजी खांब सोडून बाईंशेजारी बसले आणि दुसऱ्या गीताला गायले. आवाज गंजलेला, सुरुवात चुकलेली. पोस्टातल्या बाईंनी त्यांना सांभाळून घेतलं. रजिस्टरात त्या दिवसाचा रकाना अजून कोरा आहे.

तेव्हा मिळालं कुणाला, तर थोरल्याला धाकटा मिळाला, धाकट्याला थोरला, पोस्टातल्या बाईंना आवाज, बाईंना नवरा, आणि आम्हा सगळ्यांना चर्च. चार बोटं होती ती सगळी पाळकांनी मोजली: खोल्या, बायकोची नोकरी, नाव, आणि मुलीचं वर्ष. त्यातलं शेवटचं त्यांचं नव्हतंच. ते मुलीचं होतं, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. गाडी निघाली तेव्हा तिच्या मांडीवर दप्तर होतं आणि ती आमच्याकडे पाहत नव्हती.