डाव्या बाजूची तोटी

मी एक जुना फवारा आहे. बागेतला नव्हे, कारंज्यातलाही नव्हे. मोटारीच्या पुढच्या काचेवर पाणी उडवणारा फवारा. जाड काचेची एक बरणी, तिच्यातून निघालेली रबराची नळी, ड्रायव्हरच्या हाताशी दाबायचे एक बटण आणि बॉनेटवर बसवलेल्या दोन पितळी तोट्या, एवढाच माझा संसार. बटण दाबले की बरणीतले पाणी नळीतून वर धावायचे आणि दोन्ही तोट्यांतून काचेवर उडायचे. मग वायपर फिरायचा आणि धुळीने माखलेली काच लख्ख व्हायची. मित्रांनो, मला आयुष्यात हे एकच काम येत होते. ते मी मनापासून केले. तरीही जिथे खरी गरज होती, तिथे माझा काही उपयोग झाला नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. भुशाने भरलेल्या खोक्यातून, बोटीने मी मुंबईला आलो. ठाण्याच्या एका गिरणीच्या साहेबाने मला दुकानात पाहिले आणि आपल्या काळ्या मोटारीला बसवून घेतले. त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक मोटारींना फवारा नसे. त्यामुळे माझे फार कौतुक व्हायचे. साहेबाकडे पाहुणे आले की तो त्यांना मोटारीपाशी न्यायचा आणि बटण दाबायचा. पाण्याच्या दोन चुळा काचेवर पडल्या की मुले टाळ्या पिटायची, बायका पदर सावरत मागे सरायच्या. मी अगदी फुगून गेलो होतो.

देश स्वतंत्र झाला आणि साहेब विलायतेला, आपल्या गावी निघून गेला. मोटार डोंबिवलीच्या महिपतदादांनी घेतली. दादा मूळचे साताऱ्याकडचे. लढाईत त्यांनी लष्कराचे ट्रक हाकले होते. उंच, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. स्टेशनाजवळ एका खोलीत ते आणि त्यांची पत्नी मालनवहिनी राहत. मूलबाळ नव्हते. मोटारीवर त्यांचा जीव. सकाळी उठून आधी मोटारीला फडके मारायचे, मग चहा घ्यायचे.

तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशनाच्या दोन्ही अंगांना थोडी घरे आणि त्यापुढे सगळी भातशेती. अडलेली बाळंतीण, नवरानवरी, ठाण्याच्या कोर्टात निघालेले पक्षकार, सगळ्यांसाठी महिपतदादांना बोलावणे यायचे. आम्ही मानपाड्यावरून शिळला जायचो, तिथून मुंब्र्यावरून ठाण्याला. रस्ता मुरमाचा. समोरून बैलगाडी गेली तरी काचेवर तांबड्या धुळीचा थर बसायचा. दादा बटण दाबायचे आणि माझ्याकडे पाहत म्हणायचे, "शाब्बास!" गिरणीच्या साहेबाने कौतुक पुष्कळ केले होते, पण शाब्बास कुणी म्हटले नव्हते.

एका उन्हाळ्यात आळीतली विहीर आटली. दादा खाडीकडच्या विहिरीचे पाणी माझ्या बरणीत भरू लागले. ते पाणी मचूळ होते. पितळी तोट्यांच्या तोंडाशी हळूहळू पांढरे किटण साचू लागले. डाव्या तोटीची धार आधी बारीक झाली, मग वाकडी झाली, आणि शेवटी तिच्यातून नुसते थेंब ओघळू लागले. काचेचा डावा कोपरा मळकाच राहायचा.

"डावीकडचं काही दिसत नाही मालन," दादा घरी येऊन सांगायचे. "संध्याकाळचं तर फारच. समोरच्या दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. काच साफ होतच नाही."

ते मला ठाण्याला रघु मिस्त्रींकडे घेऊन गेले. मिस्त्रींनी पंपाने तोटीत हवा मारली. धार सुरू झाली, पण किटण आत तसेच होते. आठवडाभरात तोटी पुन्हा तुंबली. मला लाज वाटायची. पाणी नळीतून जोराने वर चढायचे आणि दारापाशी येऊन अडायचे.

मग एका रविवारी वहिनी अंगणात आल्या. "पितळच आहे ना ते? मग द्या इकडे," म्हणाल्या. दादांनी दोन्ही तोट्या काढून त्यांच्या हातात दिल्या. वहिनींनी त्या चिंचेच्या कोळात भिजत घातल्या. देवाची भांडी घासावीत तशा चोळल्या. शिवणाची बारीक सुई भोकात घालून हलक्या हाताने फिरवली. दादांनी नळी काढून उलट्या बाजूने फुंकर मारली, बरणी राखेने घासली, आणि पाणी उकळून, निववून, फडक्यातून गाळून भरले. पितळ नव्यासारखे झळकू लागले.

दादांनी बटण दाबले. माझ्या दोन्ही धारा सरळ काचेच्या मध्यावर जाऊन पडल्या आणि पंख्यासारख्या पसरल्या. वहिनी भिजल्या आणि मोठ्याने हसल्या. दादाही हसले. मला वाटले, चला, सगळे नीट झाले.

त्याच संध्याकाळी आम्ही कल्याणहून परत येत होतो. सूर्य नुकताच मावळला होता. दादांनी बटण दाबले. धारा उडाल्या, वायपर फिरला. दादांनी पुन्हा बटण दाबले. पुन्हा. मग गाडी कडेला घेऊन ते खाली उतरले आणि काचेचा डावा कोपरा शर्टाच्या बाहीने पुसू लागले.

मित्रांनो, त्या कोपऱ्यात काहीही नव्हते. धुळीचा कण नव्हता, पाण्याचा डाग नव्हता. मी काचेच्या अगदी पायाशी राहतो. मला ते दिसत होते. दादा मात्र पुन्हा आत बसले आणि स्वतःशीच म्हणाले, "तुंबली वाटतं परत."

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. दर दोन-चार दिवसांनी तोट्या निघायच्या, चिंचेत पडायच्या, सुई फिरायची. बिचारी तोटी साफच असायची. रघु मिस्त्रींनी नळी बदलली, बटणाचा वायसर बदलला, वायपरचे रबरही बदलले. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "दादा, पाणी बरोबर पडतंय. आता यात करण्यासारखं काही राहिलेलं नाही."

"मग मला का दिसत नाही?"

"हा फवाराच टाकाऊ झालाय असं समजा," मिस्त्री हसत म्हणाले.

मी टाकाऊ झालो असतो तर बरे झाले असते. मी भरलेला होतो, मोकळा होतो, माझ्या धारा सरळ होत्या. दुपारच्या उन्हात दादांना सगळे ठीक दिसायचे, समोरचेही स्पष्ट दिसायचे. त्यामुळे त्यांच्या मनात दुसरी शंका येत नव्हती. दिवस कलला की कडेचे सगळे विरून जायचे, आणि दोष माझ्यावर यायचा. मला तोंड असूनही बोलता येत नव्हते. माझ्या तोंडातून फक्त पाणी यायचे.

एकदा तिन्हीसांजेला मोटार दारात उभी होती. दादा बॉनेटवर वाकून तोटी पिळत होते. वहिनी आल्या, दार उघडून त्यांच्या जागेवर बसल्या आणि बटण दाबले. वायपर फिरला. वहिनी बराच वेळ काचेतून बाहेर पाहत राहिल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "काच तर स्वच्छ आहे. डावीकडं दत्ताच्या देवळाची पायरी दिसतेय. पायरीवरचं मांजर दिसतंय."

दादा आत येऊन शेजारी बसले. पाहिले.

"तुम्हाला दिसत नाही का ते?"

"तुला काय कळतं मोटारीतलं?" दादा एकदम ओरडले. "उतर खाली!"

वहिनी उतरल्या. त्या घरात कुणी कधी आवाज चढवला नव्हता. त्या रात्री दोघेही जेवले की नाही, मला माहीत नाही. पुढे वहिनींनी तो विषय काढला नाही. त्या रोज तोट्या चिंचेने घासून द्यायच्या आणि दादांच्या तोंडाकडे पाहायच्या. दादा त्या घ्यायचे, पण वहिनींकडे पाहायचे नाहीत. दोघांनाही काहीतरी समजले होते आणि दोघेही माझ्यामागे लपत होते.

मिठागरांत मीठ काढायच्या दिवसांत एकदा दादांनी एका कुटुंबाला खाडीकाठच्या कोपर गावी सोडले. परत निघाले तेव्हा अंधार पडायला लागला होता. खाडीकडून मिठागरातले लोक मीठ वाहायच्या रिकाम्या पाट्या घेऊन घरी चालले होते. डावीकडच्या बांधावरून आवडाबाई रस्त्यावर आल्या. त्या तिथल्याच, आगरी घरातल्या, साठी ओलांडलेल्या. मला त्या लांबूनच दिसल्या. त्या सरळ चालत येत होत्या. दादांनी वेग कमी केला नाही. त्या आणखी जवळ आल्या. मी काय करणार? कुणी बटण दाबल्याशिवाय मला साधा थेंबही टाकता येत नाही.

मडगार्डचा धक्का बसला. पाटी उडाली आणि आवडाबाई कडेच्या चरात पडल्या.

दादा धावत उतरले. "आई, लागलं का? मला दिसलाच नाहीत हो तुम्ही!"

"हात गेला रं माजा," आवडाबाई कण्हत म्हणाल्या. मनगट लोंबत होते.

दादांनी त्यांना उचलून आपल्या शेजारी बसवले. डॉक्टर स्टेशनाजवळ होते. गाडी सुरू करताच त्यांनी बटण दाबले. काच धुतली गेली. पुन्हा दाबले. पुन्हा धुतली गेली. ते दाबतच राहिले. मी माझ्याजवळचे सगळे पाणी दिले, मित्रांनो. बरणी तळापर्यंत रिकामी झाली. नळीतून नुसता हवेचा घरघर आवाज येऊ लागला, तरी ते दाबत होते.

आवडाबाईंनी चांगला हात पुढे केला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"पानी कशाला मारतस? काच साफ हाय. मना सगला दिसतंय."

दादा थांबले.

"तुला दिसत नाय, पोरा," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "हलू घे. मी सांगतंय तुला. डाव्या अंगाला म्हशी हायेत. हां, आता सरल. थांब, पोर चाललाय सायकलवर. जाऊ दे त्याला."

अशा रीतीने जिला धडक बसली तीच वाट दाखवत होती, आणि ज्याने धडक दिली तो ऐकून गाडी हाकत होता. दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

डॉक्टरांच्या दारात मोटार थांबली. दादांनी किल्ली काढली. आवडाबाईंना आत नेले, त्यांचा हात बांधून होईपर्यंत बाकावर बसून राहिले. निरोप मिळताच वहिनी धावत आल्या. दादांनी किल्ली त्यांच्या ओंजळीत ठेवली.

"मला देऊ नकोस परत," ते म्हणाले. "मागितली तरी देऊ नकोस."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डोळे तपासायला रघु मिस्त्रींनी त्यांना आमच्याच मोटारीतून नेले. येताना दादा मागे बसले होते, वहिनींच्या शेजारी. मुंब्र्यापाशी मिस्त्रींनी विचारले, तेव्हा वहिनींनी सांगितले, "काचबिंदू म्हणतात. नजर कडेकडेनं जाते, माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली परत येत नाही. उरलेली औषधानं टिकली तर टिकली."

"अगोदर आलो असतो तर?"

"तर जास्त उरली असती."

रस्त्यावर धूळ होती. मिस्त्रींनी बटण दाबले आणि मी काच धुतली. दुसरे काय करणार होतो मी?

आवडाबाईंचा हात जुळला, पण पहिल्यासारखी पाटी त्यांना उचलता आली नाही. त्यांनी फिर्याद केली नाही. दादांची उरलेली नजरही हळूहळू जात होती. ते दर आठवड्याला वहिनींचा खांदा धरून कोपरला त्यांच्याकडे जायचे आणि ओटीवर बसून यायचे. काय बोलायचे ते मला माहीत नाही. मोटार तोपर्यंत विकायला काढली होती.

कल्याणचे एक गृहस्थ ती न्यायला आले. दादा बाहेर आले, चाचपडत दाराशी गेले आणि आपल्या जागेवर बसले. बोटांनी बटण शोधले, दाबले. माझ्या दोन्ही धारा उडाल्या. वायपर एकदा गेला आणि आला.

"साफ झाली का गं?" त्यांनी विचारले.

वहिनी खिडकीपाशी उभ्या होत्या. "झाली," त्या म्हणाल्या.

आज ती मोटार नाही. मला काढून कुणीतरी एका गॅरेजच्या फळीवर ठेवले आहे. बरणीला तडा गेला आहे, नळी कडक झाली आहे. डाव्या तोटीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले आहे. त्याचे मला दुःख नाही. किटण काढता येते, नळी बदलता येते, आणि नाही बदलली तरी जगाचे काही बिघडत नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी म्हणू लागले की दिव्याची काच काळवंडली आहे, चष्मा मळला आहे, संध्याकाळी फार लवकर अंधार पडतो, तर काच जरूर पुसा. पुसून झाल्यावर स्वतः तिच्यातून पाहा. तुम्हाला स्वच्छ दिसले, तर तसे त्या माणसाला सांगा आणि हात धरून त्याला डॉक्टरांकडे न्या. तो तुमच्यावर रागावेल, ओरडेल. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा. मला सांगता आले नाही. तुम्हाला बोलता येते.